चांगला माल कोण कापतो?

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. प्रॉडक्शन मॅनेजर संशयी नसेल तर त्यानं सरळ घरी बसून पापड लाटावेत. सुपरवायझर म्हणाला 'मशीन चालू आहे', की मी जाऊन हात लावून बघते, गरम लागतंय का. स्टोअरवाला म्हणाला 'माल वाटेवर आहे', की ट्रकचा नंबर मागते. माझा नवरा म्हणतो, तू देवळात गेलीस तरी नारळ आतून नासका तर नाही ना, हे बघून येशील. म्हणू दे. याच संशयावर मी ट्रेनीची मॅनेजर झाले, तेही शिरोलीच्या फाउंड्रीत. सोळा वर्षांपूर्वी मी रुजू झाले तेव्हा तिथं बाईमाणसासाठी वेगळं संडाससुद्धा नव्हतं.

त्या बुधवारी दुपारी गिऱ्हाइकाचा फोन आला. आमची दक्षिणतारा कास्टिंग विजेवरच्या बसगाड्यांसाठी कॅलिपर ओतते. कॅलिपर म्हणजे ब्रेकच्या चकतीला दोन्ही बाजूंनी धरणारा लोखंडी पंजा. बस थांबते ती या पंजाच्या जोरावर. बस कंपनीनं आमचे काही कॅलिपर चाचणीला लावले होते आणि त्यातले तीन तडकले. तिन्ही जावयानं पास केलेले.

जावई म्हणजे आमचं तपासणीचं मशीन. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, पण पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं केलं. बाहेर आम्ही पंचेचाळीस अंशांत भाजतोय आणि याला स्वतंत्र एसी खोली. कुणी याला ओरडायचं नाही, याच्या अंगावर धूळ बसू द्यायची नाही. मग दुसरं काय म्हणणार?

त्याचं काम मात्र चोख. पट्ट्यावरून कॅलिपर येतो, यांत्रिक हात त्यावर छोट्या हातोडीनं एकच टोला मारतो आणि जावई त्याचा नाद ऐकतो. बाजारात आपण मडकं वाजवून घेतो तसंच. चांगलं ओतीव लोखंड घंटेसारखं वाजतं. त्यात कार्बनचे बारीक गोळे नीट गोल झाले नसतील तर आवाज खाली उतरतो. आत केसाएवढी चीर असेल तर आवाजातल्या एखाद्या सुराचे फाटून दोन होतात. हे दोन सूर इतके जवळचे असतात की एकमेकांत अडखळतात आणि बारीकशी थरथर ऐकू येते. सव्वा सेकंदात जावई 'पास' किंवा 'बाद' सांगतो. प्रत्येक नगाचा नाद त्याच्या नंबरासकट कायमचा साठवून ठेवतो.

हे त्याला शिकवलं ज्योतिरामनाना कुंभारांनी. नाना आमचे जुने इन्स्पेक्टर, पस्तीस वर्षं हातात हातोडी. मीही त्यांच्याच हाताखाली शिकले. चार वर्षांपूर्वी सलग आठ महिने नानांनी चाळीस हजार नग वाजवले, प्रत्येकाला पास की बाद ते सांगितलं आणि जावई ऐकत गेला. मग नानांनी बाद केलेल्यांतले सहाशे आम्ही करवतीनं कापून बघितले. सहाशेच्या सहाशे आतून खराब! सगळ्या शिफ्टला मिसळ दिली. तपासणीचं जुनं टेबल मोडीत काढलं आणि नानांना 'सल्लागार' म्हणून एक खुर्ची दिली. तेव्हापासून नाना त्या खुर्चीवर बसून चहा प्यायचे.

फोन ठेवला आणि मी धाकट्या मालकांच्या, धैर्यशील साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते वैतागले होते.

"चौगुले मॅडम, मंगळवारी बस कंपनीची माणसं येणार आहेत. दुप्पट मालाचा करार आहे. त्याच दिवशी तुम्हाला प्लांट हेड जाहीर करणार होतो. पाटी करून आलीय तुमची." त्यांनी खण उघडून खरंच पितळी पाटी दाखवली. सारिका चौगुले, प्लांट हेड. "मंगळवारच्या आत मला कारण पाहिजे."

पाटी बघून माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू? या कारखान्यात भट्टीजवळच्या शॉपवरून वर चढून कुणी हेड झालेलं नव्हतं.

आता कारण. पहिला संशय आला वाहतुकीवर. पण आपटून फुटलेला कॅलिपर वेगळा दिसतो. दुसरा संशय आला तो कुणीतरी बाद माल पास मालात मिसळतंय असा. मी जावई बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीला फोन लावला. त्यांचा इंजिनिअर देवस्थळी गोड बोलणारा माणूस. मला गोड बोलणारी माणसं आवडत नाहीत.

"मॅडम, मशीन चुकणं शक्य नाही," तो म्हणाला. "माणसं तपासा. मशीनमुळे कोण नाराज झालंय, ते बघा."

त्यानं नाव घेतलं नाही, पण आमच्या दोघांच्या डोक्यात एकच नाव होतं. स्वतःचं मशीन वाचवायला हा माझ्या माणसावर बोट दाखवतोय, असं म्हणून मी फोन ठेवला. आणि तरीही जाऊन कॅमेऱ्याचं चित्रण काढलं.

तीन आठवड्यांचं चित्रण. रोज दुपारी तीनला पहिली शिफ्ट सुटली की नाना खुर्चीवरून उठतात. पास मालाच्या पेटीजवळ येतात, इकडेतिकडे बघतात. हातगाडीवर चाळीसेक नग टाकतात, वर बारदान झाकतात आणि मागच्या जुन्या पॅटर्न स्टोअरकडे, साच्यांच्या कोठाराकडे, जातात. तासाभरानं गाडी घेऊन परत येतात, नग पेटीत ठेवतात. मी मोजले. न्यायचे चाळीस, आणायचे कधी एकोणचाळीस, कधी अडतीस.

मी ते चित्रण चारदा बघितलं. गुरुवारी मुद्दाम नानांच्या खुर्चीजवळून गेले. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला पांढरी भुकटी लागलेली आणि अंगाला रॉकेलचा वास. आजकाल रॉकेल मिळतं तरी कुठं? आणि ओतकामाच्या कारखान्यात, भट्टीपासून शंभर पावलांवर, या माणसाला रॉकेल कशाला पाहिजे?

"काय मॅडम, तब्येत बरी हाय न्हवं?" नानांनी हसून विचारलं. चारचौघांत ते मला मॅडम म्हणायचे, एरवी पोरी.

"बरी आहे," मी म्हटलं. त्या हसण्याचाही मला संशय आला आणि स्वतःची लाजही वाटली. मी नवी असताना मोल्डिंगची पोरं शिट्ट्या मारायची, तेव्हा हाच माणूस हातोडी घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला होता.

शनिवारी साडेतीनला मी पॅटर्न स्टोअरच्या दारात जाऊन उभी राहिले. नाना माझ्याकडे पाठ करून उकिडवे बसले होते.

"नाना!"

हूं नाही की चूं नाही.

"ओ नाना!" मी जवळजवळ ओरडले. तरी मान वळली नाही. म्हटलं, वा! ऐकू न आल्याचं सोंग घेतायत. मी पुढं जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला तसे ते दचकले, आणि त्यांच्या हातातला नग खाली पडता पडता राहिला.

"बाद माल मिसळताय नाना? माझ्या पोटावर पाय देताय? मंगळवारी काय आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. नुसता शेजारचा पाट माझ्याकडे सरकवला.

"बस. मिसळत न्हाई, बघतोय. तूबी बघ."

त्यांच्यापुढे आइस्क्रीमच्या डब्यात रॉकेल होतं आणि परातीत खडूची भुकटी. त्यांनी एक कॅलिपर रॉकेलात बुडवला, बाहेर काढला, फडक्यानं कोरडा पुसला आणि वरून भुकटी भुरभुरली. सगळा पंजा पांढराफेक झाला. मग आम्ही वाट बघत बसलो. दोन-तीन मिनिटांनी त्या पांढऱ्यावर, पंजाच्या वळणाशी, केसासारखी ओली काळी रेघ उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन खडूला लागलं होतं.

"ही आमच्या आज्ज्याच्या काळातली तपासणी," नाना म्हणाले. त्यांनी कोपऱ्यातलं बारदान दूर केलं. तिथं असेच रेघ पडलेले एकोणीस कॅलिपर ओळीनं मांडलेले. "सातशेवर तपासले. हे समदे पास झालेले. मी बी वाजवून बघितले, मलाबी पास. रॉकेलाला तेवढे न्हाईत."

मी मनात हिशेब केला. सातशेत एकोणीस. आणि अडीच वर्षांत आम्ही दोन लाख नग पाठवले होते. त्यांतले बहुतेक रस्त्यावर धावत होते.

"मला का नाही सांगितलंत? तीन आठवडे झाले!"

"सांगितलं असतं तर पुढचा सवाल आला असता. जावयाला शिकवलं कुणी? मी. मग त्याच्या पुढचा. शिकवणाऱ्याचा कान तपासला कुणी?"

"दरवर्षी कॅम्पमध्ये तपासलाय की!" मी तावातावानं बोलले.  नाना माझ्या कानातल्या कुडीकडे बघत होते.

अगंबाई.

फाउंड्रीत दरवर्षी कामगारांच्या कानांची तपासणी करावी लागते, तसा कायदाच आहे. एक गाडी आवारात येते. कामगार काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसतो. आवाज ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं, बाहेर घंटी वाजते. बाहेर बसलेली तंत्रज्ञ बारीक बारीक सूर सोडते आणि प्रत्येक सुराला तिच्या फळीवर एक दिवा लागतो. सात वर्षांपूर्वी गाडी आली तेव्हा मी तंत्रज्ञाच्या मागं, यादी हातात घेऊन उभी होते. नाना आत बसले. दिवा लागत होता आणि घंटी वाजत नव्हती. काचेतून त्यांचं तोंड कसनुसं झालेलं मला दिसलं. कान गेला असता तर त्यांची हातोडी काढून घेतली असती आणि त्यांना गेटवर बसवलं असतं. मी विचार केला नाही. पुढचा दिवा लागला तसा मी कानातल्या कुडीला हात लावला. नानांनी बटण दाबलं.

बाहेर आल्यावर आम्ही दोघं खूप हसलो, आणि नानांनी चहा पाजला. दुसऱ्या वर्षी तसंच. मग ती रीतच पडली. कॅम्पच्या आदल्या दिवशी नाना चिडवायचे, "पोरी, उद्या कुड्या घालून ये बरं का!" माणसाच्या भाकरीचा प्रश्न आहे, त्यात काय बिघडतं, असं मी म्हणायचे. चाळीस हजार नग त्यांनी त्याच कानांनी वाजवले. आणि जावयाला नानांनीच शिकवावं, या शिफारशीवर सही माझी होती.

पुढचं गणित मला कुणी सांगायला नको होतं. गोंगाटात आयुष्य गेलेल्या माणसाचा कान एकदम जात नाही. आपल्या कानाच्या नळीची लांबीच अशी असते की सेकंदाला तीन-चार हजार कंपनांचे सूर आत जाता जाता मोठे होतात. त्यामुळे मार बसतो तो तिथं, आणि चार हजारांच्या आसपास पहिलं भोक पडतं. समोरासमोरच्या गप्पा ऐकू येतात, खालचे नाद ऐकू येतात, फक्त तेवढा पट्टा जातो. काही चिरांची थरथर नेमकी त्या पट्ट्यात असते. नानांना ती ऐकू येत नव्हती, म्हणून तसे नग ते पास म्हणत गेले. जावयाच्या मायक्रोफोनला ती स्वच्छ ऐकू येत होती. पण थरथरीला पास आणि बिनथरथरीलाही पास, असं गुरुजी सांगतायत म्हटल्यावर तो शिकला की हा सूर बिनकामाचा.

आणि ते सहाशे नग? ते सगळे नानांनी बाद केलेले होते. पास केलेला एकही आम्ही कापला नाही. चांगला माल कोण कापतो? आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला, तो तेवढा तिथं घ्यायचा राहिला.

मी तिथूनच देवस्थळीला फोन लावला. त्या गोड बोलणाऱ्या माणसाचा आवाज पहिल्यांदा उतरला. मग हळूच म्हणाला, "नाद सगळे साठवलेले आहेत, मॅडम. पण भोक नक्की कुठून कुठपर्यंत आहे आणि किती खोल, ते कळल्याशिवाय मशीनच्या कुठल्या निकालावर विश्वास ठेवायचा नाही, ते कसं ठरवणार? मला त्यांच्या कानाचा खरा आलेख द्या. तो आणि तुमचे एकोणीस नग मिळाले तर दोन लाखांतून खराब नंबर निवडून देतो. नाहीतर दोन्ही लाख परत मागवा." आणि पुढं म्हणाला, "किंवा पुढच्या मालापुरतं आपण गुपचूप दुरुस्त करू. सुधारणा म्हणून. रस्त्यावरचे नग काय, दुरुस्तीत कधीतरी बदलतातच."

फोन स्पीकरवर होता. ठेवल्यावर नाना म्हणाले, "देवस्थळीचं ऐक. साच्याची वाळू बिघडली म्हण. मी पुढच्या म्हैन्यात राजीनामा देतो. माझ्या हाताखालचं माणूस त्या वरच्या खुर्चीत बसलेलं मला बघू दे की ग. आणखी काय मागतोय?"

मला ते पटलं. खरंच पटलं. घरी जाईपर्यंत मी वाळूचा अहवाल मनात लिहूनसुद्धा काढला.

रविवारी संध्याकाळी भाजी आणायला गेले आणि स्टँडसमोर थबकले. समोर गगनबावड्यावरून कोकणात उतरणारी बस लागली होती, विजेवरची, आमच्याच गिऱ्हाइकाची. एक बाई खिडकीतून हात काढून खालच्या माणसाकडून पिशवी घेत होती. दोन पोरं पुढच्या जागेसाठी भांडत होती. पुढे करूळचा घाट. मी वाकून चाकाकडे बघायला लागले. काय दिसणार होतं तिथून? कंडक्टर म्हणाला, "ताई, काय पडलं का?" मी नाही म्हटलं. बस निघून गेली आणि मला रडू आलं. भाजी न घेताच घरी आले.

सोमवारी शिरोलीला आठवड्याची सुट्टी. मी नानांच्या घरी जाऊन सांगितलं की उद्या मी बोलणार आहे. ते ओसरीवर बसून राहिले, माझ्याकडे बघेनात.

"माझी लाज जाईल, पोरी. पस्तीस वर्षांची."

"माझीपण जाईल नाना. आपण दोघांनी केलंय."

"मग चहा घेऊन जा," एवढंच ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

मंगळवारी बैठकीत मी सगळं सांगितलं, कुडीसकट. धैर्यशील साहेब उभे राहिले. "चौगुले, तुम्हाला कळतंय काय बोलताय? गिऱ्हाइकासमोर?"

बस कंपनीकडून आलेल्या बाईंनी एकच विचारलं, "या सगळ्याचा लेखी पुरावा काय आहे?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "कागदावर त्यांचे कान ठणठणीत आहेत. म्हणून तर पुन्हा तपासायचे आहेत."

पुढं काय झालं ते आधीच सांगते. देवस्थळीनं अकरा दिवस लावले आणि दोन लाखांतून साडेचार हजार नंबर काढून दिले. त्यांतला एक गगनबावड्याच्या त्या बसचा होता. सगळ्या बसगाड्या उभ्या करून कॅलिपर बदलले. तोवर एकही बस दरीत गेली नाही, हे नशीब. करार गेला, मला निलंबनाचं पत्र मिळालं, आणि चौकशी अजून चालू आहे. पितळी पाटीचं साहेबांनी काय केलं, मला माहीत नाही.

पण मला सांगायचंय ते बैठकीच्या दुसऱ्या दिवशीचं, बुधवारचं. सकाळी दहाला कान तपासणारी गाडी आवारात आली. नाना इस्त्रीचा सदरा घालून आले होते. सगळी शिफ्ट बाहेर उभी राहून बघत होती. नाना काचेच्या खोलीत बसले, हेडफोन लावले, आणि सवयीनं तंत्रज्ञ बाईंच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं.

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

मागून बाईंचा आवाज येत होता. "पाचशे." घंटी वाजली. "एक हजार." वाजली. "दोन हजार." वाजली. "तीन हजार." जरा थांबून, वाजली.

"चार हजार."

शांतता. बाहेर भट्टीचा पंखा तेवढा घोंघावत होता.

"चार हजार, मोठा करते."

माझा हात कानाकडे गेला होता. कधी गेला ते मलाही कळलं नाही. मी तो खाली घेतला आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला.

"आणखी मोठा करते," बाई म्हणाल्या.

घंटी वाजली नाही.